सरांचं गाव

११ जानेवारी

आज विभागप्रमुख बाईंनी केबिनमध्ये बोलावून माझ्या गळ्यात धोंड बांधली आणि वर तिला अध्यक्षपद म्हणाल्या. जीआयएसच्या, म्हणजे संगणकावर नकाशे करायच्या शास्त्राच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमाची सुधारणा करायची आहे. समितीत त्या स्वतः, मी आणि बटणवाला. हे सत्र संपायच्या आत नवा अभ्यासक्रम तयार हवा.

कारण असं की आपल्या मुलांना नोकरीवर घेणाऱ्या कचेऱ्यांनी एकत्र येऊन तक्रार केली आहे. तुमची मुलं परीक्षेत झकास मार्क मिळवतात, पण खऱ्या शहराचा नकाशा पुढ्यात ठेवला की त्यांची पाचावर धारण बसते, असं त्यांचं म्हणणं. बाई ते पत्र माझ्याकडे बघत बघत वाचत होत्या, जसा काही मीच आरोपी.

सध्या सहा पेपर सक्तीचे आहेत. मुलांना बाहेर पाठवून प्रत्यक्ष काम करून घ्यायचं तर त्यातला एक काढावा लागेल. कुठला, ते समितीनं ठरवायचं. माझं तर पत्र वाचून व्हायच्या आतच ठरलं होतं: बटणवाल्याचा. बटणवाला कुठल्याशा कंपनीतून आला, मुलांच्या टेबलावर बूड टेकून शिकवतो आणि सॉफ्टवेअरमध्ये हे दाबा, ते दाबा, एवढंच त्याचं शास्त्र. म्हणून मी त्याला बटणवाला म्हणतो. तोंडावर नाही.

घरी येऊन हे सगळं हिला सांगायला लागलो. (ही म्हणजे बायको. माझ्या वहीत दुसरी कोण असणार?) हॉस्पिटलमधली ड्यूटी करून आली होती, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. म्हणाली, तुमचं विभागातलं राजकारण ऐकायला आता माझे कान शिल्लक नाहीत, एक वही आणा आणि तिला सांगा. म्हणून ही वही.

१५ जानेवारी

नव्या मुलांचं पहिलं प्रॅक्टिकल. इतकी वर्षं झाली तरी हा दिवस मला आवडतो.

संगणकात मी एक गाव केलं आहे. एकेक रेघ स्वतःच्या हातानं ओढून. जगाच्या पाठीवर ते कुठेही नाही. मुलं त्याला 'सरांचं गाव' म्हणतात. खरी शहरं शिकवायच्या कामाची नसतात. एक रस्ता दोनदा काढलेला, दुसरा मध्येच गायब, घराला नंबर नाही, नंबराला घर नाही. मुलं त्या घाणीतच हात घालून बसतील तर शास्त्र कधी शिकतील? माझ्या गावात तसलं काही नाही. प्रत्येक रस्ता शहाण्यासारखा दुसऱ्या रस्त्याला जाऊन मिळतो. नदीसुद्धा मी गावाच्या कडेकडेनं नेली आहे, म्हणजे रस्त्यांना तिचा उपद्रव नको.

आज नेहमीप्रमाणे नियम फळ्यावर लिहिला आणि वर्गाकडून मोठ्यानं म्हणवून घेतला: छेदलं की जोडलं. नकाशावर दोन रस्त्यांच्या रेषा एकमेकींना छेदल्या की तिथे चौक टाकायचा, म्हणजे संगणकाला कळतं की इथून वळता येतं. मग दवाखान्यापासून शाळेपर्यंतचा सगळ्यांत जवळचा मार्ग काढायला दिला. अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच, दशांश चिन्हाच्या पुढेसुद्धा. शिकवणं म्हणतात ते हे.

आमची बुटकी शाळेत असताना 'छेदलं की जोडलं' म्हणत स्वयंपाकघरात लंगडी घालायची. आता माझ्या कानाच्या वर गेली तरी मी तिला बुटकीच म्हणतो. पुढे ती माझ्याच वर्गात आली, पहिली आली, आणि आज शहराच्या अ‍ॅम्ब्युलन्स केंद्रात नकाशा सांभाळते. अ‍ॅम्ब्युलन्सनं कुठून वळायचं ते माझी लेक ठरवते. तक्रार करणाऱ्यांनी एकदा तिच्याकडे जाऊन बघायला हवं होतं.

२७ जानेवारी

आज बटणवाल्याच्या वर्गावरून जाताना दारात उभा राहिलो. सगळ्या माना खाली, सगळ्यांच्या माऊसचा एका सुरात कटकट आवाज. मनात म्हटलं, ही कवायत आहे, शिक्षण नव्हे. आणि तिथेच मला नियम सुचला.

समितीत मांडला. प्रत्येक पेपरचा मुख्य प्रश्न मुलांना वेगवेगळं बसवून सोडवायला द्यायचा. सगळ्यांचं उत्तर अगदी तंतोतंत एक आलं, तर त्या पेपरात मुलं विचार करायला शिकत नाहीत, नुसतं हात चालवायला शिकतात असं समजायचं, आणि तो पेपर काढायचा. बाई खूष झाल्या. म्हणाल्या, सर, वाद मिटवायला हे बरं आहे, मोजता येण्यासारखं आहे.

बटणवाल्यानं कागद दोनदा वाचला. मग विचारलं, हा नियम सगळ्याच पेपरांना लावायचा का. मी म्हटलं, सगळ्यांना, कुणाचा लाड नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. सही करताना म्हणाला, "सर, अजून विचार करायचा असेल तर मला घाई नाही."

घाबरला बिचारा. घरी येईपर्यंत मी गुणगुणत होतो.

९ फेब्रुवारी

कॉलेजातून आलो तर बुटकी घरात. मोठी बॅग घेऊन आली आहे. ती दोन मैत्रिणींबरोबर शहराच्या पलीकडच्या टोकाला राहते, कामाच्या दिवशी कधी येत नाही. मी विचारलं, काय गं, रजा? तिनं मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही. जेवली नाही. तिच्या जुन्या खोलीत जाऊन झोपली. ही तिच्याजवळ जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. मला कुणी आत बोलावलं नाही, आणि आपल्याच घरात दार वाजवायचं तर काय म्हणून वाजवायचं ते मला सुचेना.

१० फेब्रुवारी

हिनं सांगितलं. हॉस्पिटलात तिला आधीच कळलं होतं.

एका शिंप्याला दुकानातच छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेवर निघाली. नव्या उड्डाणपुलावर असताना ड्रायव्हरला नकाशानं सांगितलं, पुढच्या चौकात डावीकडे वळा. ड्रायव्हर त्या भागात नवा. वळायला बघतो तर डावीकडे पुलाचा कठडा. शिंप्याची गल्ली तिथेच होती, पण खाली. पुलावरून परत फिरायला जागा नाही. तो दुसऱ्या टोकाला उतरला, गर्दीतून मागे आला. तोवर उशीर झाला होता. शिंपी वाटेतच गेला.

त्या भागाचा नकाशा बुटकीनं केला होता. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं आहे.

हे मी हिला दोनदा सांगायला लावलं. मग संताप आला. पुलावर चौक! माणसाच्या हातून अशी चूक होणंच शक्य नाही. हा आगाऊपणा सॉफ्टवेअरचा. असलं कुठलं तरी बटण त्या कचेरीत असणार. ते दाबलं की नकाशा आपोआप 'स्वच्छ' होतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. बटणवाला हेच तर शिकवतो. एक माणूस गेला, माझ्या मुलीच्या नावाला काळं लागलं, आणि हा टेबलावर बसून पाय हलवतोय.

हिला म्हटलं, बघ, मी इतके दिवस कंठशोष करतोय तो काय उगीच? ही माझ्याकडे अशी बघत राहिली की जसा मीच कुणी तरी नवा पेशंट दाखल झालोय.

१६ फेब्रुवारी

बुटकी रोज सकाळी बाहेर जाते आणि दुपारी येते. कुठे जाते विचारलं तर म्हणते, चालायला. चपलांना धूळ असते.

आज चहाच्या वेळी मी विषय काढला. समितीपुढे ये, काय झालं ते सांग. आपल्या अभ्यासक्रमात काय सडलंय ते बाईंना नोकरी करणाऱ्या मुलीच्या तोंडून कळू दे. यात तुझंही भलं आहे; चूक शिकवणाऱ्यांची आहे, तुझी नाही, हे तुझ्या कचेरीलाही कळेल.

तिनं कप खाली ठेवला. "चूक शिकवणाऱ्यांची आहे असं सांगू?"

"खरं तेच सांग," मी म्हटलं. "भीड धरू नकोस."

"बाबा, जे झालं तेवढंच सांगेन मी. जास्त नाही, कमी नाही."

मी म्हटलं, मग तर प्रश्नच मिटला. ती उठून गेल्यावर ही हळूच म्हणाली, "अहो, तिला नका नेऊ. ऐका माझं." आईचं काळीज. मी समजूत घातली की तिला काही होणार नाही, मी खुर्चीत असेन. तर म्हणाली, "तिची काळजी नाही मला." बायका अर्ध्यावर बोलणं सोडतात आणि उरलेलं आपण शोधायचं.

२३ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट. सावकाश लिहितो.

चाचणीचे निकाल आले. बटणवाल्याच्या पेपरात एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही. त्यानं म्हणे मुलांना खऱ्या शहराचे, महापालिकेकडून जसेच्या तसे आलेले नकाशे दिले होते. कुठला रस्ता खरा मानायचा, कुठला सोडायचा, यावर मुलं आपसांत भांडली. भांडण व्हरांड्यात आलं, तिथून कँटीनमध्ये गेलं, आणि दोघी तर खरं काय ते बघायला गाडीवरून त्या रस्त्यावर जाऊन आल्या. बाई हे सांगताना हसत होत्या.

तंतोतंत एकच उत्तर आलेला पेपर एकच निघाला. माझा.

मी त्यांना समजावलं. माझं गाव शुद्ध आहे, म्हणून उत्तर शुद्ध येतं. गणितात दोन उत्तरं नसतात. हा नियम अशा पेपरांसाठी नव्हताच. बाई म्हणाल्या, सर, नियम तुमचाच आहे, आणि 'सगळ्यांना' हा शब्दही तुमचाच आहे. बटणवाला खिडकीबाहेर बघत होता. निदान हसला तरी असता तर मला रागावता आलं असतं. उलट म्हणाला, सरांना नियमात बदल हवा असेल तर माझी हरकत नाही. त्याचे उपकार! अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

एक दिवस मागून घेतला. उद्या बुटकी येते आहे. तिनं सांगितल्यावर कोण शुद्ध आणि कोण आंधळं ते कळेल त्यांना. तिच्यावर सगळं आहे आता. हा पेपर गेला तर मी त्या इमारतीत कशासाठी जायचं ते मला माहीत नाही. असं लिहायला नको होतं, पण लिहिलं.

२४ फेब्रुवारी

बुटकीनं पांढरा कुडता घातला होता. मुलाखतीला घातलेला तोच. फळ्याकडे गेली, खडू घेतला आणि दोन रेषा काढल्या, एकमेकींवरून जाणाऱ्या. ही खालची गल्ली. हा नवा पूल. पूल सुरू झाला त्या आठवड्यात तो नकाशात घालायचं काम तिच्याकडे आलं. तिनं तो आकाशातून काढलेल्या फोटोवरून गिरवला. वरून बघितलं की पूल आणि गल्ली एकमेकांना छेदताना दिसतात, बाकी काही दिसत नाही.

मी म्हटलं, आणि मग सॉफ्टवेअरनं आपोआप चौक टाकला. मला ते बटणवाल्याच्या तोंडावर म्हणायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "सॉफ्टवेअरनं विचारलं. दोन रेषा छेदताहेत, इथे जोडायचं का, म्हणून. प्रत्येक वेळी विचारतं ते. मी हो म्हटलं."

बाईंनी विचारलं, जाऊन बघितलं होतं का.

"नाही. जाऊन बघायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. छेदलं की जोडलं. मला विचार करावा लागलाच नाही, मॅडम. लहानपणापासून पाठ आहे."

इतक्या वर्षांनी तिनं माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरं वाटलं. माझीच बाजू घेते आहे असं वाटलं. मी बाईंकडे बघितलं, बघा, या अर्थानं. बाई टेबलाकडे बघत होत्या. बटणवाला उठला, त्यानं ग्लासात पाणी ओतलं. मला वाटलं बुटकीसाठी. त्यानं ते माझ्यापुढे ठेवलं.

बुटकीनं फळा पुसला. आमच्याकडे पुसायचं फडकं कधी जागेवर नसतं, तर तिनं तळहातानंच पुसला. जाताना माझ्या खुर्चीमागे क्षणभर थांबली. मी वळून बघितलं नाही.

अध्यक्ष म्हणून पेपर काढण्याच्या ठरावावर पहिली सही मलाच करावी लागली.

१ मार्च

काही नाही. गेलो, आलो.

४ मार्च

ठरावाची प्रत आली. माझ्या पेपरच्या जागी शहरात जाऊन करायचं काम. ते बटणवाला बघणार. माझी प्रयोगशाळाही त्यालाच. बाईंनी खाली लिहिलं आहे की सरांच्या प्रदीर्घ सेवेचा विभाग ऋणी आहे. हे वाक्य माणूस गेल्यावर लिहितात.

बुटकीच्या चौकशीत तिची नोकरी राहिली, पगारवाढ गेली. पुढल्या आठवड्यापासून परत जायचं आहे. मी म्हटलं, सुटलीस. ती म्हणाली, मी कुठे सुटले. मला राग आला, तो कुणाचा ते कळलं नाही, म्हणून हिच्यावर काढला. भाजीत मीठ नाही म्हणून. होतं.

ही म्हणाली, "तुमच्याशी भांडायला मला वेळ नाही. ती रोज सकाळी कुठे जाते ते तरी विचारलंत का?" मी म्हटलं, चालायला. "कुठे?" हिनं विचारलं.

७ मार्च

आज बुटकीबरोबर मी गेलो. तिनं चल म्हटलं नाही, मी चप्पल घातली आणि ती थांबली.

तो पूल. मी नकाशाचा माणूस, पण त्या बाजूला कधी फिरकलो नव्हतो. खाली गल्ली अरुंद आहे, दिवसासुद्धा अंधारी, कारण वर पूल. सायकलवाला, किल्ल्या करून देणारा, मग शिंप्याचं दुकान. बंद नव्हतं. आत त्याची बायको मशीनवर बसली होती. बुटकीनं तिला लांबून हात केला, तिनंही मान हलवली. म्हणजे ओळख आहे. मला ओळखत नव्हती. बुटकीनं ओळख करून द्यावी अशी मला भीती वाटत होती. तिनं करून दिली नाही.

आम्ही बरोबर खाली उभे राहिलो, जिथे नकाशावर तिनं चौक टाकला होता. डोक्यावरून गाड्या जात होत्या. त्यांचा आवाज येतो, गाडी दिसत नाही.

"बाबा, इथे हात वर केला तर पुलाला लागतो का बघा," ती म्हणाली.

मी कॉलेजात शिकवणारा माणूस, रस्त्यात हात वर करून उभा राहिलो. किल्लीवाला बघत होता. लागत नाही. लागणार कसा, दोन मजले वर आहे.

"फोटोत एका ठिपक्यावर होते," ती म्हणाली.

येताना मी तिला म्हटलं की फोटो वरून काढलेला, त्यात उंची कळत नाही, हे शास्त्र आहे, यात कुणाचा दोष. ती म्हणाली, हो बाबा. लहान मुलाची समजूत काढतात त्या सुरात. मी तिच्याशी ज्या सुरात बोलायचो त्याच सुरात.

१२ मार्च

प्रयोगशाळा उद्या रिकामी करून द्यायची. बुटकी मदतीला आली. बटणवाला मध्ये डोकावून गेला. म्हणाला, सरांचं गाव मला पहिल्या तासाला हवं आहे, या गावात काय नाही ते मुलांना शोधायला लावणार. मी म्हटलं, घ्या. तो माणूस वाईट नाही. असला असता तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर मी गाव उघडलं. म्हटलं, द्यायचंच आहे तर निदान एक पूल टाकून देऊ. पूल टाकता येत नाही असं कुणी म्हणायला नको. बाजारपेठेवरून सरळ रेघ ओढली. रेघ पडल्या पडल्या तिच्यावर चौक उमटला. पुसला. परत ओढली, परत चौक. मी चिडून म्हटलं, हे विचारत कसं नाही? तुझ्या कचेरीतलं तर विचारतं म्हणालीस.

बुटकी खोका बांधत होती. उठून आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि कुठे कुठे जाऊन सेटिंगमधली एक खूण दाखवली. विचारू नये, परस्पर जोडावं, अशी खूण. गाव केलं तेव्हाच मी केलेली. मुलांचा वेळ जायचा त्या प्रश्नानं, म्हणून. मला आठवलं. तिनं ती खूण काढली आणि गाव पुन्हा उघडलं.

मग ते विचारायला लागलं. एकट्या पुलाबद्दल नाही. सगळ्याच चौकांबद्दल, पहिल्यापासून. दवाखान्यापुढचा चौक उजळला आणि खाली प्रश्न आला: इथे जोडायचं का?

माझं बोट सवयीनं 'हो'वर गेलं. बुटकीनं माझं मनगट धरलं.

"जाऊन बघितल्याशिवाय नाही, बाबा."

मी बोट काढून घेतलं. ती खोका उचलून बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिलो. पडद्यावर तो प्रश्न तसाच उभा होता, आणि इथेच वही काढून मी हे लिहितोय तेव्हाही उभा आहे. जाऊन बघायला माझी ना नाही. पण ते गाव कुठेच नाही.